छावणीपासून दुधाळ्यापर्यंत



'जागतिक सुरक्षिततेपुढील प्रश्न' हा विषय संयोजकांनी आम्हाला कळवला, आणि त्याखाली हवामान, यंत्रविद्येवरील निर्बंध आणि सीमांचे तंटे अशी तीन पोटकलमेही घातली. पत्र वाचून आम्ही जरा बिचकलो. असले विषय दिल्लीला शोभतात, जिनिव्हाला शोभतात. इथे दिवसभर हळद शिजवून आणि वाळत घालून दमलेली माणसे उन्हे उतरल्यावर चार घटका ऐकायला येतात. त्यांच्यापुढे सुरक्षा परिषदेचे ठराव वाचायचे म्हणजे श्रोत्यांना शिक्षाच. पण काल संध्याकाळी रिसाला बाजारातून आणि तोफखान्यातून पायी हिंडताना ध्यानात आले की, हा विषय बाहेरून आणण्याची गरजच नाही. तो या गावाच्या मोहल्ल्यांच्या नावांत दोनशे वर्षे मुक्कामाला आहे.

रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखाना म्हणजे तोफखानाच. निजामाच्या मुलखातील हिंगोली हे ज्या फौजेचे ठाणे होते तिला पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' असे नाव पडले. मोठी चमत्कारिक फौज होती ही. म्हणायची निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातून. पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. निजामाला स्वतःच्या या फौजेतली चार माणसे हलवायची तरी रेसिडेंटची मर्जी विचारावी लागे. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला पोचला पाहिजे. तो पोचवण्यासाठी दरबाराने हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीकडून कर्जे काढली, आणि व्याजाचा दर असा की ऐकून आपल्याकडचा सावकारही लाजला असता. ते कर्ज फेडण्यासाठी १८२३ साली, उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून दरसाल येणाऱ्या सात लाखांच्या पेशकशीवर निजामाने कायमचे पाणी सोडले. तरी फौज होतीच, पगार होताच, थकबाकी पुन्हा वाढलीच. शेवटी २१ मे १८५३ रोजी, लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत, तह झाला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने ते दरसाल २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले, निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला, आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ हैदराबादेतील विनोदी मंडळींनी 'गेव्ह कर्झन बेरार' असा लावला. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. म्हणजे ज्या फौजेपायी मुलूख गेला ती फौज गेली, आणि मुलूखही गेलेलाच राहिला.

शेताला राखणदार ठेवावा, त्याचा पगार थकावा, आणि सातबारा त्याच्या नावावर चढावा, असा हा मामला आहे. आम्ही तो विस्ताराने सांगितला, कारण सुरक्षितता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. त्या बंदुकीचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो हे कोणी पाहत नाही. श्रीलंकेने कर्जाच्या ओझ्याखाली २०१७ साली हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले, तेव्हा जगभर चर्चा झाली. हिंगोलीच्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

वऱ्हाड गेले म्हणजे काय झाले? कळमनुरीपलीकडची पैनगंगा ही सरहद्द झाली. अलीकडे निजामी, पलीकडे इंग्रजी. भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक. आणि मध्ये नदी. १९४७-४८ च्या त्या तेरा महिन्यांत याच सरहद्दीला जीव आला. पलीकडे उमरखेडसारख्या गावांतून हैदराबाद मुक्तिलढ्याच्या छावण्या उभ्या राहिल्या, अलीकडे रझाकारांची दहशत. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी याच लढ्यात गेले. हे आपल्याकडे दर १७ सप्टेंबरला सांगितले जाते. परंतु त्याच आठवड्यात आपला हा तंटा पॅरिसमध्ये मांडला गेला होता, हे फारसे सांगितले जात नाही. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेने विषय कामकाजात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याची बातमी आली. पुढे त्याने तक्रार मागे घेतल्याचेही कळवले. प्रश्न परिषदेत सुटला नाही. तो इथे सुटला. आणि सुटताना रक्त सांडले. रझाकारांनी केलेले अत्याचार आपण सांगतो ते खरेच आहेत. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवले, तेही खरे आहे. ती नोंद कित्येक दशके कपाटात राहिली. आपल्या बाजूची नोंद उघडी आणि दुसऱ्या बाजूची कपाटात, असे असले म्हणजे तंटा मिटूनही त्याची धुगधुगी राहते.

या तंट्याचे शेपूट किती लांब असावे? २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी, निजाम सरकारच्या नावाचे दहा लाखांहून अधिक पौंड लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यावर गेले. ते तिथेच अडकले. त्यांचा निकाल लंडनच्या न्यायालयात २ ऑक्टोबर २०१९ रोजी लागला. तोवर रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती, आणि ती भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने ठरली. एकाहत्तर वर्षे! आपल्याकडे बांधाचा दावा तीन पिढ्या चालतो म्हणून आपण हसतो.

असो. आता पाण्याकडे वळू, कारण पुढच्या सीमा तारेच्या कुंपणापेक्षा पाण्यानेच जास्त पेटणार अशी चिन्हे आहेत.

आपला जिल्हा दोन पाण्यांचा आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा येलदरी आणि सिद्धेश्वर भरून पुढे गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगेला मिळते. वाटा निराळ्या, पण दोन्ही पाणी अखेर तेलंगण आणि आंध्रात जाते. गोदावरी महाराष्ट्र सोडते त्याच्या थोडे अलीकडे, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. चौदा दारे आणि २.७४ टी.एम.सी. पाणी. आकडा मोठा नाही, पण जुलै २०१० मध्ये याच बंधाऱ्यावरून आंध्रचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना आपल्या पोलिसांनी धर्माबादेत अटकाव करून ठेवले होते. दोन राज्यांत बसगाड्या फुटायची वेळ आली. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची. २९ ऑक्टोबरपासून ती खाली सोडता येतील. १ मार्चला ०.६ टी.एम.सी. पाणी खाली द्यायचे. देखरेखीला तिघांची समिती: एक केंद्रीय जल आयोगाचा, एक महाराष्ट्राचा, एक पलीकडचा.

आमच्या मते या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट २.७४ हा आकडा नव्हे. ती तीन माणसांची समिती आहे. दार उचलताना आणि टाकताना दोन्ही राज्यांचे अधिकारी त्याच बंधाऱ्यावर उभे राहून तीच पातळी वाचतात. एकाने वाचलेला आकडा दुसऱ्याला खोटा म्हणता येत नाही. मग भांडायला उरते ते कारण पुष्कळच लहान असते.

पण यातही एक गोम आहे, आणि ती हवामानाची आहे. न्यायालयाने तारखा लिहिल्या त्या जुन्या पावसाच्या हिशेबाने. आता पाऊस पंचांग पाळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन उभ्याचे आडवे झाले, मातीसुद्धा वाहून गेली. एका वर्षी नदी आटलेली, दुसऱ्या वर्षी पुलावरून. मध्ये दहा वर्षेही नाहीत. एखाद्या वर्षी पाऊस लवकर आटोपला तर २९ ऑक्टोबरला दारे टाकेपर्यंत अडवायला पाणीच राहत नाही, ही नांदेडकडच्या शेतकऱ्यांची तक्रार आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तिकडे १ जुलैला पावसाचा पत्ता नसला तरी साठलेले पाणी सोडावेच लागते. कोणी लबाडी केलेली नाही, आभाळच बदलले. जगातले बहुतेक पाणीकरार असेच एका जुन्या आभाळाखाली लिहिलेले आहेत.

१९ सप्टेंबर १९६० चा सिंधू करार घ्या. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही लढायांतून तो तगला, कारण दोन्हीकडचे अभियंते आयोगाच्या बैठकीत नद्यांचे आकडे एकमेकांना देत राहिले. बदललेल्या परिस्थितीचे कारण देऊन भारताने २०२३ आणि २०२४ साली करार नव्याने तपासण्याची मागणी केली, ती तशीच राहिली. पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने करार स्थगित केला. त्या दुःखाच्या भरात देशाने जे केले त्यावर इथे वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच पाहायचे की, करार थांबला की आकड्यांची देवघेव थांबते, आणि आकडे थांबले की पुराचे पाणीसुद्धा संशयाचे होते. ब्रह्मपुत्रेचा अनुभव याच जातीचा. २००२ च्या समझोत्याप्रमाणे चीन पावसाळ्यात नदीच्या पातळीचे आकडे भारताला देत असे. २०१७ साली, डोकलामच्या वर्षी, ते आले नाहीत. २०१८ मध्ये पुन्हा येऊ लागले. बंदुकीची एक गोळी सुटली नाही, पण आसामातल्या माणसाने त्या वर्षी पूर कशाच्या भरवशावर ओळखावा? जुलै २०२५ मध्ये चीनने त्याच नदीच्या वरच्या अंगाला अवाढव्य धरणाचे काम सुरू केले आहे.

दुसऱ्यांना बोल लावताना आपले घर पाहिले पाहिजे. कयाधूचे पाणी खरबीच्या बंधाऱ्यातून इसापूर धरणाकडे वळवायचे की नाही, यावर आपल्याच जिल्ह्यात मोर्चे निघाले. हिंगोली म्हणते आमच्या हक्काचे पाणी नांदेडला चालले; तिकडचे म्हणतात इसापूर भरतच नाही. दोघे मराठी, दोघे मराठवाड्याचे. इथे बाभळीसारखी समिती कुठे आहे? कयाधूत कोणत्या महिन्यात किती पाणी वाहिले, याचा दोन्ही जिल्ह्यांना मान्य असलेला फलक हिंगोलीच्या आणि नांदेडच्या कचेरीबाहेर एकाच दिवशी लागला, तर मोर्चा काढणाऱ्यालाही काय मागायचे ते नेमके कळेल. आमची ही सूचना काही मंडळींना मिळमिळीत वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी ०.६ टी.एम.सी. हा आकडा मिळवायला किती वर्षे कोर्टात गेली ते आठवावे.

आता यंत्रविद्या. पावसाचा अंदाज नीट बांधायचा तर मोठा गणकयंत्र लागतो. १९८० च्या सुमारास तो अमेरिकेत तयार होत असे. आपण मागितला. हवामानासाठीच मागितला. पण ज्या यंत्रावर ढगांचे गणित होते त्यावर अण्वस्त्राचेही होते, म्हणून हवे होते ते मोठे क्रे यंत्र अमेरिकेने नाकारले. १९८८ साली त्याहून लहान मिळाले, तेही पहाऱ्याच्या अटीसह. मग त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात, सांगावीही. मात्र तिच्यात एक पेच आहे तो सुटलेला नाही. तीच वस्तू शेतकऱ्याला हवी असते आणि तीच सेनापतीलाही. नाकारणाऱ्याची भीती अगदीच खोटी नसते, मागणाऱ्याची गरजही खोटी नसते. आज हाच पेच बुद्धीची कामे करणाऱ्या यंत्रांच्या चिपांबाबत आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जगातल्या देशांच्या तीन पायऱ्या केल्या आणि आपल्याला मधल्या पायरीवर बसवले. मे महिन्यात तो नियमच मागे घेतला. चार महिन्यांत पायरी आली आणि गेली! ज्याची कळ दुसऱ्याच्या हातात, त्यावर आपल्या पावसाचा अंदाज विसंबून ठेवावा काय? पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मे २०२५ मध्ये सहा-सहा किलोमीटरांच्या चौकटींत अंदाज देणारी पद्धत सुरू केली. एका चौकटीत आपली दोन-चार गावे येतात. हे काम घरचे आहे, पण ते चालवणारे यंत्र आणि त्याचे सुटे भाग सर्वस्वी घरचे नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

कुणी म्हणेल, वसमतची हळद सोडून तुम्ही चिपांवर काय बोलता? हळदीचेही हेच. हळद जखमेवर लावतात या गोष्टीचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले; आणि घेणारे संशोधक भारतीय वंशाचेच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सी. एस. आय. आर. ने ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? आजीने लावली होती, हे म्हणणे पेटंट कचेरीत चालत नाही. जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुढे ठेवला तेव्हा चालले. कागदावर होते म्हणून वाचले.

आणि आता दुधाळा. औंढा नागनाथजवळच्या या गावाचे नाव जगातल्या पदार्थवैज्ञानिकांना ठाऊक झाले आहे. तिथे 'लायगो इंडिया' उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरांचे दोन हात काटकोनात, त्यांत निर्वात नळ्या, टोकांना आरसे, आणि लेसरचा किरण. अवकाशातून गुरुत्वीय लाट गेली की हातांच्या लांबीत फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. ती लाट पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी पकडली. ती ओळखण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकातील डॉ. संजीव धुरंधर यांचे जुने काम आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, ३१ मार्च २०१६ ला अमेरिकेशी करार झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली. सात वर्षे गेली याची कुरकुर आम्ही करणार नाही. निदान जमीन तरी तोवर मिळाली.

गंमत पाहा. हे काम आपल्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे आहेत. आणि करार झाला तेव्हा त्याच विभागाचे भाभा केंद्र अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होते. त्याचे नाव जानेवारी २०२५ मध्ये निघाले. एका हाताने दार बंद आणि दुसऱ्या हाताने आरसे पुढे! हे कसे झाले? अमेरिकनांना आपला कळवळा आला म्हणून नव्हे. त्यांना दुधाळ्याची गरज होती. दोन यंत्रांनी लाट आली हे कळते. कुठून आली हे नीट कळत नाही, आभाळाचा एक भलामोठा पट्टा हाती लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील तिसरे यंत्र जोडले गेले तेव्हा एका लाटेचा टापू ११६० चौरस अंशांवरून ६० वर आला. पृथ्वीच्या या अंगाला आणखी एक यंत्र असले तर तो आणखी आवळतो. ज्याच्या नोंदीवाचून दुसऱ्याची नोंद अपुरी राहते, त्याला यादीत टाकणे कठीण होते. कंटिंजंटच्या काळी आपण पगार देत होतो आणि हुकूम त्यांचा होता. इथे दोघांनाही एकमेकांची वही लागते.

परवा औंढ्याला एका गृहस्थांनी आम्हाला विचारले, "साहेब, आमच्याकडं जमीन हादरती, हे यंत्र टिकंल का?" प्रश्न शहाणपणाचा होता. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. यंत्राचे आरसे टांगण्याची रचना असे हादरे गाळण्यासाठीच असते, हे आम्ही त्यांना सांगितले. पण खरे उत्तर पुढे आहे. हादरा जमिनीचा की आभाळाचा, हे एकट्या दुधाळ्याला ठरवता येणार नाही. दुधाळ्यात आरसा हलला की त्याच क्षणाच्या नोंदी वॉशिंग्टन, लुइझियाना, इटली आणि जपान इथल्या नोंदींशी ताडून पाहिल्या जातील. सर्वांकडे तीच लाट असेल तर ती आभाळातली. एकट्या आपल्याकडे असेल तर ती पांगऱ्याची, किंवा शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या उसाच्या ट्रॅक्टरची.

यावर ते गृहस्थ म्हणाले, "मंग ट्रॅक्टर बंद करणार का आमचे?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते दुधाळ्याच्या आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी आणि प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी आताच, यंत्र बसण्याआधी, समोरासमोर बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. बाकीचे आपण प्रश्नोत्तरांत घेऊ.